चुकलेला फर्मा

३ मार्च, सोमवार

मालकांनी आज सांगून टाकलं. मे अखेर कारखाना बंद.

आम्हा चौघांना शिकंज्यापाशी बोलावलं. पुस्तकं दाबून ठेवायचा हा लोखंडी शिकंजा त्यांच्या वडिलांनी आणलेला. त्याच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "आता पुस्तक शिवून कोणाला हवंय? मशीन चिकटवून देतं. मी एकटा किती ओढू?" मग सगळे आपापल्या जागी गेलो, कारण खळ सुकत होती.

उद्या कुणी विचारलं, बाई, तुम्हाला काय येतं? तर काय सांगणार? सोळा पानांची घडी म्हणजे फर्मा. फर्म्यावर फर्मा ठेवून शिवत गेलं की पुस्तक होतं. बावीस वर्षं मी तेवढंच केलंय. पण ते असं केलंय, की माझ्या हातचं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं तर आपणहून मिटत नाही. हे कुठल्या अर्जात लिहायचं?

६ मार्च, गुरुवार

लेकीने फोनवर एक कात्रण पाठवलं. मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं दुरुस्त करायच्या खोलीत एक जागा आहे. एकच. त्यांचे जुने बाइंडर निवृत्त झाले. वयाची अट नाही! शिक्षणाची अट नाही! मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग खालच्या ओळी. अर्ज इंग्रजीत हवा, आणि स्वतःच्या अक्षरात. कारण दुरुस्त केलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद तिथे हाताने, इंग्रजीत लिहितात. अडचण असूनही तडीस नेलेल्या एका कामाचं वर्णन अर्जात करा, म्हणे. शिवाय दाखला — मालकाचा, किंवा तुमचं काम जवळून पाहिलेल्या कुणाचाही. मुदत १५ एप्रिल.

"आई, मी लिहून देते ना. दहा मिनिटांचं काम. तू नुसतं उतरवून काढ." लेक परगावी नर्सिंगला आहे, तिचं इंग्रजी फाडफाड.

नको म्हटलं. उतरवलेल्या पत्राने जागा मिळेलही, पण नंतर रोजच्या नोंदी कोण लिहिणार? ही वसतिगृहातून येणार आहे का?

"मग तुझं तू बघ," म्हणाली. बघतेच.

७ मार्च, शुक्रवार

कारखान्यात एक फडताळ आहे, न नेलेल्या पुस्तकांचं. लोक बांधायला टाकतात आणि विसरतात. तिथे एक जुनं पुस्तक होतं हे मला पक्कं आठवत होतं — इंग्रजी पत्रं लिहायला शिकवणारं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ते बांधलं होतं. गिऱ्हाईक फिरकलंच नाही.

सापडलं. बांधणी अजून घट्ट आहे, पण कटिंग बघून लाज वाटली. सुरी इतकी आत घेतली होती की पानांचे आकडे सगळे उडाले. नवशिकी होते. मालक तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते, पण महिनाभर मला कटिंगला हात लावू दिला नव्हता.

मजकूर मात्र सगळा शाबूत. नोकरीचा अर्ज, तक्रार, आभार, सांत्वन, निमंत्रण. शेवटी शब्दांचे अर्थ मराठीत. मालकांना विचारून घरी आणलं. "कशाला हवंय?" म्हणाले. "असंच," म्हटलं.

९ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावर टायपिस्टबाई राहतात. एका विमा कंपनीत छत्तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केली. दिसतं कमी, पण आठवतं सगळं. दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं, मला इंग्रजी पत्र लिहायला शिकायचंय, पाच आठवड्यांत.

"पी हळद आणि हो गोरी," त्या म्हणाल्या. पण आत घेतलं.

आधी मुळाक्षरं म्हणायला लावली. म्हटली. त्यांनी मध्येच थांबवलं. "जे कुठे गेला?"

"फर्म्यात जे नसतो," मी म्हणाले. खरंच नसतो. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली एक अक्षर छापतात — ए, बी, सी — म्हणजे शिवणाऱ्याला क्रम कळावा. त्यात आयनंतर थेट के. शाळा सातवीत सुटली आणि पुढचं सगळं इंग्रजी मी पानाच्या तळाशीच वाचलं. व्ही आणि डब्ल्यूसुद्धा नसतात तिथे.

"म्हणजे तू तेवीस अक्षरांवर अर्ज करणार होतीस," टायपिस्टबाई म्हणाल्या.

फी विचारली, तर त्यांच्या चार जुन्या अल्बमांच्या पाठी उसवल्यात, त्या शिवून द्यायच्या. ठरलं.

१२ मार्च, बुधवार

आजचा शब्द — एन्क्लोज्ड. सोबत जोडले आहे. जोडायला दाखला मात्र नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मालकांकडे दाखला मागितला. ग्रंथालयाचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. चष्मा काढून पुसला, परत लावला. "बघू," म्हणाले.

बघू काय? बावीस वर्षं बघितलं नाही का?

१९ मार्च, बुधवार

वेळापत्रक लावून घेतलंय. पहाटे पाच ते सहा शब्द. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून शिकंज्यामागे पुठ्ठ्यांच्या चवडीवर बसते आणि पुस्तकातलं एक पत्र वहीत उतरवते. तिथे कोणाला दिसत नाही. मालक त्यांच्या टेबलाशी डोकं खाली घालून जेवत असतात.

आमचे हे नळदुरुस्तीची कामं करतात. पहाटे मला कुजबुजताना ऐकून म्हणाले, "कुणाशी बोलतेस?"

"डिअर सरशी."

"मग मी चहा करतो. सरांना विचार, साखर किती."

चेष्टा करतात, पण आठवडाभर सकाळचा चहा तेच करताहेत हेही इथे लिहिलं पाहिजे.

२३ मार्च, रविवार

आज खरी झटापट. कुठल्या कामाबद्दल लिहायचं? मी म्हटलं, हॉस्पिटलची जन्मनोंदींची वही. दवाखान्यात पाइप फुटून ती भिजून लगदा झाली होती. पाच हजार बाळांची नावं. साडेतीन महिने मी रोज चार पानं सोडवली, टिपकागदात ठेवून सुकवली, पातळ कागद चिकटवून परत शिवली. एकही नाव गेलं नाही. (हे म्हणतात, पाइप फुटतात म्हणूनच आपल्या दोघांची चूल पेटते.)

"मग लिही तसंच," टायपिस्टबाई म्हणाल्या.

मी लिहिलं — आय डिड इट.

"हे सपाट झालं. डिड म्हणजे केलं. भांडी घासली तरी केलं. अडचण कुठे दिसली?" मग त्यांनी एकेक शब्द काढला. इन स्पाइट ऑफ. ऑल्दो. आफ्टर मेनी अटेम्प्ट्स. आणि मॅनेज्ड टु. "मॅनेज्ड म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, हिला घाम फुटला होता पण हिने केलं."

"म्हणजे जमवलं," मी म्हणाले.

"हं. जमवलं."

हा शब्द मला फार आवडला. घरी येईपर्यंत सगळं मॅनेज्ड मध्ये घालून बघितलं. मी जिना चढायचं मॅनेज्ड. यांनी दूध उतू न जाऊ द्यायचं मॅनेज्ड.

२९ मार्च, शनिवार

दाखल्याचं परत विचारलं. "पुढच्या आठवड्यात." कटिंग मशीनकडे वळून उभे राहिले. मशीन बंद होतं.

राग येतो. हा माणूस वाईट नाही, हे माहीत आहे म्हणून जास्त येतो. माझ्या बाळंतपणात पूर्ण पगार घरी आणून दिला होता मालकांनी. आता दोन ओळी लिहायला हात दुखतो?

५ एप्रिल, शनिवार

टायपिस्टबाई भाच्याकडे गेल्या, पंधरा दिवसांसाठी. जाताना म्हणाल्या, "मधला भाग, वहीचा, चांगला झालाय. सुरुवात आणि शेवट पुस्तकातून घे. अर्जाचा नमुना असेलच. नमुन्याला हुशारी लावू नकोस."

१० एप्रिल, गुरुवार

अर्जाचा नमुना पाठ झाला! पुस्तक मांडीवर, पानाच्या तळाशी अंगठा, आणि एकेक वाक्य वहीत. इंग्रजी माणूस किती नम्र असतो हे आज कळलं. सुरुवात साधी — आपल्याकडील जागेची जाहिरात वाचली. समोरच्या पानावर गेलं की मात्र एकदम अंतःकरण हेलावतं. शब्दांच्या यादीत बघितलं, तोच अर्थ आहे. म्हटलं, बरोबरच आहे. आजकाल कुठे जागा निघाली की हेलावतंच.

पुढे आपल्या हानीबद्दल लिहिलंय. त्यांचा जुना बाइंडर गेला म्हणजे हानी झालीच की. आणि निघून गेलेल्यांना शांत विश्रांती लाभो. निवृत्त माणसाची एवढी आठवण! आपल्याकडे अर्ज करताना कोण करतं असं?

मधे माझी हॉस्पिटलची वही, पुढे-मागे नमुना. चार वेळा लिहून काढलं. चौथ्यात एकही खाडाखोड नाही.

१२ एप्रिल, शनिवार

दाखला नाहीच मिळाला. त्याशिवायच पाठवलं. पोस्टातल्या माणसाने पाकिटावरचा इंग्रजी पत्ता वाचून विचारलं, "कोणी लिहिलं?" "मी," म्हटलं. परत एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

२० एप्रिल, रविवार

टायपिस्टबाई परतल्या. मी पत्राची प्रत घेऊन धावतच वर गेले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. मग म्हणाल्या, "थांब. कोण गेलंय?"

"कुठे गेलंय?"

"अगं, तू त्यांचं सांत्वन केलंयस."

मला समजेना. त्यांनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. आपल्या जागेची जाहिरात वाचली. बातमी ऐकून आमच्या सर्व कुटुंबाचे अंतःकरण हेलावले. या दुःखद हानीत आम्ही आपल्यासोबत आहोत. मृतात्म्यास शांती लाभो. त्यानंतर माझी पाच हजार बाळं. आणि शेवटी, ईश्वर आपणांस हा आघात सोसण्याचे बळ देवो, आपली विश्वासू.

त्या हसायला लागल्या ते थांबेनात. मलाही हसू आलं, आणि हसताहसताच रडू फुटलं. पाच आठवड्यांच्या पहाटा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पुस्तकच चुकीचं आहे," मी म्हणाले.

"छापलेलं पुस्तक इतकं चुकत नाही," त्या म्हणाल्या.

२१ एप्रिल, सोमवार

पुस्तक चुकलं नव्हतं. मी चुकले होते.

दुपारी शिकंज्यामागे बसून ते पहिल्यापासून तपासलं, जसं गिऱ्हाइकाचं तपासते तसं. प्रत्येक फर्म्याची खूण बघत. ए, बी, सी, डी, ई, एफ — आणि एफनंतर एच. मग जी. मग आय. दोन फर्मे उलटसुलट शिवलेले! अर्ज सुरू होतो एफच्या शेवटच्या पानावर, आणि पुढचं पान एचचं, म्हणजे सांत्वनाच्या पत्राच्या मधलं. पानांचे आकडे मीच सुरीने उडवले होते, म्हणून कोणाला कळायला मार्ग नाही. आणि ती एचची खूण? तिच्यावरच रोज अंगठा ठेवून मी वाचत होते.

दुसऱ्याच्या हातून फर्मा चुकला की मी आकाशपाताळ एक करते. "डोळे कुठे ठेवले होते?" असं आमच्यातल्या नव्या मुलीला याच महिन्यात म्हणाले. बावीस वर्षांपूर्वीची माझीच शिवण. ती माझी वाट बघत फडताळात बसली होती.

संध्याकाळी ठरवलं. चूक माझ्या हातची आहे तर दुरुस्तीही माझ्या हातची होईल. अडचण असूनही तडीस नेलेलं काम हवंय ना त्यांना? घ्या.

२२ एप्रिल, मंगळवार

कव्हर काढलं. पाठीवर सरस थापलाय नुसता. नवशिकी म्हणजे सरस जास्त.

२३ एप्रिल, बुधवार

ओली खळ लावून सरस मऊ करत होते, तर मालक मागून आले. पुस्तक ओळखलं असणार. मग टेबलाच्या खणातून त्यांच्या वडिलांची, चिकटलेली पानं सोडवायची पातळ पट्टी आणून बाजूला ठेवली आणि गेले. ती पट्टी ते कोणाला देत नाहीत. दाखल्याबद्दल एक अक्षर नाही!

२५ एप्रिल, शुक्रवार

सगळे फर्मे सुटे. एकही पान फाटलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

पुस्तक परत बांधून झालं, जी जीच्या जागी, एच एचच्या. आणि पत्रही झालं. या वेळी नमुना नाही. टायपिस्टबाईंना म्हटलं, फक्त ऐका, आणि जिथे समजणार नाही तिथे थांबवा. दोनदा थांबवलं. बाकी माझं.

लिहिलं ते असं. माझ्या पहिल्या पत्रात मी तुमचं सांत्वन केलं, त्याबद्दल माफी असावी. ज्या पुस्तकातून मी पत्र शिकले ते मीच बावीस वर्षांपूर्वी चुकीचं शिवलं होतं. चूक सोमवारी सापडली. सरस फार होता आणि कागद जुना आहे. ऑल्दो इट वॉज डिफिकल्ट, आय मॅनेज्ड टु ओपन इट विदाउट टेअरिंग अ सिंगल पेज. पुस्तक सोबत जोडलं आहे. पाठ तपासून पाहावी. तुमचे जुने बाइंडर सुखरूप असतील अशी आशा करते.

शेवटच्या वाक्याला टायपिस्टबाई म्हणाल्या, "हे काढ." मग म्हणाल्या, "राहू दे."

२८ एप्रिल, सोमवार

अर्धी रजा टाकून ग्रंथालयात स्वतः दिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, मुदत संपून तेरा दिवस झाले."

"अर्ज मुदतीत आलाय. ही त्याची दुरुस्ती आहे."

"फाइलला लावतो. वाचतीलच असं नाही."

लावा म्हटलं. तो फाइल बांधेपर्यंत तिथेच उभी राहिले. गाठ सैल मारली होती, ती परत मारायला लावली.

९ मे, शुक्रवार

ग्रंथालयाचं पाकीट! इंग्रजीत. लेकीला फोन लावणार होते, मग म्हटलं थांब. बसून वाचलं. पाच ओळी. चार लगेच कळल्या, पाचवीला दोन शब्द यादीत बघितले. बुधवारी मुलाखत.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मला वाटलंच होतं." यांना काहीही वाटलेलं नव्हतं. पाकीट बघून हातातला पाना खाली पडला होता.

१४ मे, बुधवार

हे सगळं नीट लिहून ठेवते.

मुलाखतीच्या खोलीबाहेर लांब बाक होता. त्यावर एकच माणूस आधी बसलेला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, केसांना पाणी लावून भांग. मालक.

मी उभीच राहिले. ते सरकले. मी बसले.

मग म्हणाले, "कारखाना बंद झाल्यावर मलाही खायला लागेलच ना."

माझ्या डोक्यात एकेक दिवस उलगडत गेला. बघू. पुढच्या आठवड्यात. त्यांनी दाखला अडवला नव्हता — म्हणजे अडवलाच होता, पण त्यांना लाज वाटत होती. आणि मला राग यायच्या ऐवजी त्यांच्या पाणी लावलेल्या भांगाचंच वाईट वाटलं. ते बसले होते शाळेत पहिल्या दिवशी बसतात तसे.

आधी त्यांना बोलावलं, मग मला. ग्रंथपालबाई करड्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. माझं पहिलं पत्र समोर होतं. म्हणाल्या, "आमच्या जुन्या बाइंडरांना मी हे फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, माझ्यामागे एवढं तरी कोणी लिहिलं." मग पुस्तकाची पाठ नखाने तपासली. उघडून टेबलावर ठेवलं. ते उघडंच राहिलं. प्रश्न सगळे इंग्रजीत. अडखळले, पण उत्तरं दिली.

शेवटी सांगितलं, आता दोनच नावं राहिलीत, आणि दोघांच्याही फाइलीत दाखला नाही. शनिवारपर्यंत आणा.

१५ मे, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत मालक शिकंज्यामागे आले. म्हणजे त्यांना जागा माहीत होती.

"तुझा दाखला मी लिहितो," म्हणाले. "खूप आधी लिहायला हवा होता." मग म्हणाले, "माझा तू लिहिशील का? मी कोणाकडे मागू? मालकाला दाखला कोण देतो?"

ह्यांच्याविरुद्धच तर मी उभी आहे. चांगला लिहिला तर जागा त्यांची. वाईट लिहायचा तर काय लिहू, वाईट काम त्यांनी केलेलंच नाही. आणि त्यांनी माझा लिहिलाच नाही तर? दोन महिने टोलवलंय त्यांनी.

"उद्या देते," म्हटलं.

घरी यांना विचारलं. हे म्हणाले, "माझ्या धंद्यात दुसऱ्याचा नळ गळतोय दिसला तर मी तोही आवळतो. पण तुझं तू ठरव."

१६ मे, शुक्रवार

पहाटे लिहिला. इंग्रजीत, टायपिस्टबाईंना न विचारता. एक शब्द खोटा नाही.

मी यांना बावीस वर्षं ओळखते. यांच्याइतकं सरळ कटिंग करणारा हात मी पाहिलेला नाही. इन स्पाइट ऑफ द मशीन्स, ही मॅनेज्ड टु पे अस एव्हरी मंथ. मी माझं पहिलं पुस्तक खराब केलं तेव्हा ते ओरडले नाहीत. मला जे येतं ते मी यांच्या हाताकडे बघून शिकले.

खाली सही केली. शेवटच्या वाक्याने जागा गेली, असं स्पष्ट दिसत होतं. तरी पुसलं नाही.

कारखान्यात त्यांना दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला, दोनदा. "माझा?" मी विचारलं. "उद्या मीच जातोय ग्रंथालयात. तुझा परस्पर देतो," म्हणाले. पाकीट नाही, कागद नाही. परस्पर!

१८ मे, रविवार

लेक फोनवर ओरडली. "आई, तू वेडी आहेस का? हातात घेतल्याशिवाय दिलास?" बहुतेक वेडीच आहे. टायपिस्टबाईंनी नुसती पाठ थोपटली, ते जास्त लागलं.

२३ मे, शुक्रवार

काही कळलं नाही. मालक काल आणि आज आले नाहीत. शेवटच्या तीन वह्या मीच शिवल्या. दुसऱ्या गावातल्या एका शाळेत बाइंडिंगचं काम मागते आता. अर्ज इंग्रजीत नाही, मराठीतच हवाय. तरी दोन्हींत लिहिला. हात बसलाय, तो मोडू द्यायचा नाही.

२७ मे, मंगळवार

ग्रंथालयात बोलावलं होतं. जागा माझी. सोमवारी रुजू.

सह्या करताना कारकुनाने माझी फाइल उघडली. त्यात माझा दाखला नव्हता. मालकांसाठी मी लिहिलेला होता. त्याखाली, त्यांच्या सरळ अक्षरात, इंग्रजीत चार ओळी. मी माझं नाव मागे घेत आहे. वरचं पत्र जिने लिहिलं तिने ही भाषा दोन महिन्यांत शिकली, माझ्याच कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, शिकंज्यामागे बसून. मला दिसत नाही असं तिला वाटत होतं. तिचा दाखला हाच समजावा.

"वाचून दाखवू का, बाई?" कारकून म्हणाला.

नको म्हटलं. वाचता आलं होतं.